सर्व्हर बंद होताना तुमची सर्व्हिस काय करते?

टर्मिनलमध्ये कमांड दिली आणि प्रोग्रॅम नीट चालला, की मशीन रिबूट झाल्यावरही तो आपोआप तसाच चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण टर्मिनलसमोर बसलेला माणूस नकळत बरीच कामं करत असतो. तो लॉगिन करतो तोवर नेटवर्क जोडलेलं असतं, डिस्क माउंट झालेली (फाईल वापरता येतील अशी जोडलेली) असते, डेटाबेस चालू असतो. त्याच्या लॉगिनमुळे पाथ आणि होम डिरेक्टरी ठरलेली असते. काही बिघडलं तर तो एरर वाचतो, थोडं थांबतो आणि पुन्हा कमांड देतो. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम पूर्ण संपेपर्यंत वाट पाहतो. मशीन आपलं आपण सुरू होतं तेव्हा यातलं कोणीच तिथे नसतं. त्या माणसाला ठाऊक असलेल्या या सगळ्या गोष्टी एका फाईलमध्ये लिहून ठेवणं, म्हणजे सर्व्हिस (मशीनबरोबर आपोआप सुरू होऊन मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) लिहिणं.

आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांमध्ये ती फाईल वाचण्याचं काम सिस्टिमडी करतं, म्हणजे मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवणारी आणि बंद होताना ते थांबवणारी व्यवस्था. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 2010 साली ते मांडलं. फेडोरा 15 ने ते 2011 मध्ये स्वीकारलं, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 ने 2014 मध्ये, तर डेबियन 8 आणि उबंटू 15.04 ने 2015 मध्ये. त्याआधीच्या सिस्टिम-फाइव्ह पद्धतीत आकडे घातलेल्या शेल स्क्रिप्ट एकामागून एक चालत. ‘एस 20’ आधी, ‘एस 80’ नंतर, असा सरळ हिशोब होता. हळू चालणारी पद्धत, पण क्रम डोळ्यांना दिसायचा. सिस्टिमडी उलट बाजूने विचार करतं. जे एकाच वेळी सुरू करता येईल ते सगळं एकाच वेळी सुरू करायचं आणि फक्त जिथे सांगितलं असेल तिथे थांबायचं. त्यामुळे जो क्रम तुम्ही लिहिला नाही, तो क्रम अस्तित्वातच नसतो. शंभर वेळा रिबूट करून योगायोगाने सगळं जमलं आणि पुढच्या वेळी डिस्क जरा हळू निघाली, की ते कळतं.

एक छोटी गोष्ट आधी संपवून टाकू. सर्व्हिस ‘स्टार्ट’ करणं म्हणजे ती आत्ता चालू करणं, आणि ‘इनेबल’ करणं म्हणजे पुढच्या वेळी मशीन सुरू होताना तिला उठवायचं अशी नोंद करणं. इनेबल केल्यावर बहुतेक वेळा मल्टी-युजर टार्गेटच्या (टार्गेट म्हणजे सुरू होतानाचा एक नाव दिलेला टप्पा) यादीत एक सिमलिंक (मूळ फाईलकडे बोट दाखवणारी नोंद) तयार होते, बाकी काही घडत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर इनेबलला ‘नाऊ’ हा पर्याय जोडायचा. फाईल बदलली की ‘डेमन-रीलोड’ करायचं, म्हणजे सिस्टिमडी ती पुन्हा वाचतं. आणि वितरणाने दिलेल्या मूळ फाईलला हात न लावता सिस्टिमडीची ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ ही कमांड वापरून आपला बदल वेगळ्या तुकड्यात ठेवायचा, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जात नाही.

कोण लागतं आणि कोणानंतर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सिस्टिमडीमध्ये ‘कोण लागतं’ आणि ‘कोणानंतर’ हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. सभेला कोणाकोणाला बोलावलं आहे ही एक यादी आणि कोण कोणानंतर बोलणार ही दुसरी. पहिल्या यादीवरून दुसरी आपोआप ठरत नाही. ‘वॉन्ट्स’ आणि ‘रिक्वायर्स’ या पहिल्या प्रकारच्या ओळी, ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ या दुसऱ्या प्रकारच्या. तुमच्या वेब ॲपच्या फाईलमध्ये नुसतं ‘रिक्वायर्स’ लिहून पोस्टग्रेस या डेटाबेसचं नाव दिलं, तर सिस्टिमडी दोघांनाही एकाच क्षणी सुरू करतं. नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं, तर पोस्टग्रेस सुरू होणार असेल तरच त्याची वाट पाहिली जाते. त्याला उठवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. बहुतेक वेळा दोन्ही ओळी लागतात.

‘रिक्वायर्स’ ऐकायला भक्कम वाटतं, म्हणून लोक तेच निवडतात. माझा आग्रह मात्र ‘वॉन्ट्स’चा आहे आणि सिस्टिमडीचं स्वतःचं मॅन्युअलही बहुतेक वेळा तेच सुचवतं. कारण ‘रिक्वायर्स’ असेल तर कोणी डेटाबेस मुद्दाम थांबवला की तुमची सर्व्हिसही थांबते. आणि सोबत ‘आफ्टर’ असेल, तर डेटाबेस पहिल्या प्रयत्नात उठला नाही की तुमची सर्व्हिस सुरूच होत नाही. एका ठिकाणची अडचण अशी साखळीने पसरते. ‘वॉन्ट्स’ असेल तर तुमची सर्व्हिस उठते, डेटाबेस मिळाला नाही तर स्वतः पुन्हा प्रयत्न करते आणि तो आला की कामाला लागते. अर्थात यासाठी प्रोग्रॅममध्ये तो पुन्हा प्रयत्न लिहिलेला हवा. तो नसेल तर आधी तो लिहा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर कुठलंही ‘आफ्टर’ मदतीला येत नाही, आणि दुपारी दोन वाजता नेटवर्क क्षणभर तुटलं तरी येत नाही.

नेटवर्कच्या बाबतीत दोन टार्गेटची नावं सारखी दिसतात आणि घोळ करतात. ‘नेटवर्क टार्गेट’ गाठलं याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढाच. आयपी पत्ता मिळाला असेलच असं नाही. पत्ता खरोखर हवा असेल, उदाहरणार्थ एखाद्या ठरावीक पत्त्यावरच ऐकायचं असेल, तर ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ लागतं. ते ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्हीमध्ये लिहावं लागतं, कारण कोणी मागितल्याशिवाय ते सहसा सुरूच होत नाही. सगळ्याच पत्त्यांवर ऐकणाऱ्या सर्व्हरला याची गरज नसते. त्याला विनाकारण ही ओळ लावली तर मशीन सुरू व्हायला उशीर होतो आणि हाती काही लागत नाही.

डिस्कच्या बाबतीत नुकसान जास्त गंभीर असतं. सर्व्हिसचा डेटा वेगळ्या डिस्कवर आहे, आणि ती डिस्क माउंट होण्याआधी सर्व्हिस सुरू झाली असं समजा. डिरेक्टरी तर तिथे आहेच, फक्त रिकामी. प्रोग्रॅम आनंदाने त्यात नव्या फाईल तयार करतो. त्या जातात मूळ डिस्कवर. मग खरी डिस्क त्याच जागी माउंट होते आणि त्या फाईल तिच्याखाली झाकल्या जातात. एरर कुठेच नाही, आणि डेटा दोन ठिकाणी विभागलेला. यावर उपाय एका ओळीचा आहे. ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिहून पुढे त्या डिरेक्टरीचा मार्ग द्यायचा. लागणारे माउंट आणि त्यांचा क्रम सिस्टिमडी स्वतः जोडून घेतं.

‘सुरू झालं’ म्हणजे नेमकं काय

‘आफ्टर’ म्हणजे समोरची सर्व्हिस सुरू होईपर्यंत थांबायचं. पण सुरू झाली असं कधी मानायचं? ते त्या सर्व्हिसच्या ‘टाइप’वर ठरतं, आणि चूक इथेही शांतपणे लपते. ‘सिंपल’ हा न लिहिता मिळणारा प्रकार आहे. त्यात प्रोसेस तयार होताच सर्व्हिस सुरू झाली असं धरलं जातं, प्रोग्रॅमची फाईल प्रत्यक्ष चालायला लागण्याच्याही आधी. फाईलचं नाव चुकलेलं असलं तरी ‘स्टार्ट’ कमांड यशस्वी झाल्यासारखी दिसू शकते. 2018 च्या अखेरीस आलेल्या 240 व्या आवृत्तीत ‘एक्झेक’ हा प्रकार मिळाला. त्यात निदान प्रोग्रॅम चालू झाल्याची खात्री केली जाते. पण प्रोग्रॅम चालू असणं आणि तो विनंत्या घ्यायला तयार असणं यात पुष्कळ अंतर असू शकतं. ते अंतर ‘नोटिफाय’ भरून काढतं. त्यात तयारी पूर्ण झाल्यावर प्रोग्रॅम स्वतः सिस्टिमडीला ‘रेडी’ असा संदेश पाठवतो आणि तो येईपर्यंत मागचे सगळे थांबतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय असेल तर दुसरं काही शोधू नका. एकदाच चालून संपणाऱ्या कामासाठी ‘वनशॉट’. स्वतःला मागे ढकलून मूळ प्रोसेस संपवणाऱ्या जुन्या डेमनसाठी (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) ‘फोर्किंग’. नवीन प्रोग्रॅम लिहीत असाल तर त्याला मागे ढकलूच नका, पुढेच चालू द्या.

मागे ढकलण्यावरून एक नेहमीची अडचण आठवली. स्क्रिप्टच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह लावून प्रोग्रॅम मागे सोडला आणि ती स्क्रिप्ट ‘सिंपल’ सर्व्हिस म्हणून दिली, की स्क्रिप्ट संपते, सिस्टिमडी समजतं की सर्व्हिस संपली, आणि मागे उरलेल्या प्रोसेसही आवरून टाकतं. नोहप (टर्मिनल बंद झाल्यावरही प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) लावूनही त्या वाचत नाहीत, कारण सिस्टिमडी प्रोसेसचा हिशोब कर्नलच्या कंट्रोल ग्रुपवरून, म्हणजे कर्नलने बांधलेल्या प्रोसेसच्या गटांवरून, ठेवतं आणि त्यातून पळून जाता येत नाही. हा दोष नाही. सर्व्हिस थांबवली म्हणजे ती पूर्ण थांबली, मागे काही उरलं नाही, हा भरवसा त्यामुळेच देता येतो.

पडल्यावर पुन्हा उभं राहणं

‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ लावलं की निम्मं काम झालं, पण उरलेलं निम्मं बहुतेक जण विसरतात. पुन्हा सुरू करण्याआधीची विश्रांती न सांगितल्यास फक्त 100 मिलिसेकंदांची असते. आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी हात टेकतं. आता हिशोब करा. प्रोग्रॅम सुरू होताच डेटाबेस मिळत नाही म्हणून पडतो. पाचही प्रयत्न सेकंदाच्या आतबाहेर संपतात. डेटाबेस अर्ध्या मिनिटाने येतो, पण तोवर सर्व्हिस ‘फेल्ड’ म्हणून बाजूला पडलेली असते आणि माणूस येऊन बघेपर्यंत तशीच राहते. ‘रीस्टार्टसेक’ 5 केलं की 10 सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, म्हणजे ती मर्यादा कधी लागत नाही आणि प्रयत्न चालू राहतात. 2023 मध्ये आलेल्या 254 व्या आवृत्तीपासून ही विश्रांती टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचीही सोय आहे. या मर्यादेच्या ओळी फाईलच्या ‘युनिट’ विभागात लिहायच्या असतात आणि ‘रीस्टार्ट’च्या ओळी ‘सर्व्हिस’ विभागात. चुकीच्या विभागात लिहिलेली ओळ सिस्टिमडी लॉगमध्ये एक इशारा टाकून सोडून देतं. ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय’ चालवून फाईल तपासली की असे प्रकार लगेच सापडतात.

बंद होताना

आता मुख्य गोष्ट. सिस्टिमडी मशीन बंद करताना क्रम उलटा करतं. वेब ॲप डेटाबेसनंतर सुरू होतं असं लिहिलं असेल, तर बंद होताना आधी वेब ॲप थांबतं आणि ते पूर्ण थांबल्यावरच डेटाबेस थांबवला जातो. वेगळं काही लिहावं लागत नाही. म्हणजे ‘आफ्टर’ची एक ओळ दोन वेळा कामाला येते, आणि दुसरी वेळ जास्त मोलाची असते.

वर मी म्हटलं की प्रोग्रॅमने स्वतः पुन्हा प्रयत्न करावा. तो करायला लागला की ‘आफ्टर’ नसलं तरी सुरुवात नीट होते, आणि मग ती ओळ काढून टाकावीशी वाटते. काढू नका. ती ओळ नसेल तर बंद होताना ॲप आणि डेटाबेस दोघांनाही एकाच क्षणी थांबण्याचा सिग्नल जातो. ॲपच्या हातात अर्धवट झालेलं काम असतं, ते लिहून टाकायला ते धावतं, आणि समोर डेटाबेस दार लावून घेत असतो. सुरू होताना पुन्हा प्रयत्न करायला वेळ होता, बंद होताना तो नाही. ‘नेटवर्क टार्गेट’चंही तसंच आहे. सुरू होताना त्याच्या ‘आफ्टर’ला फारसा अर्थ नाही, पण ते लिहिलेलं असलं की बंद होताना तुमची सर्व्हिस थांबेपर्यंत नेटवर्क काढून घेतलं जात नाही. डिस्कच्या ओळीचाही तोच फायदा: सर्व्हिस थांबल्यावरच डिस्क अनमाउंट होते.

प्रत्यक्ष थांबवणं असं घडतं. ‘एक्झेकस्टॉप’मध्ये कमांड दिली असेल तर आधी ती चालते. मग सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म हा सिग्नल जातो. त्याचा अर्थ, आवरून घ्या आणि निघा. मग सिस्टिमडी थांबतं. बहुतेक ठिकाणी ही मुदत 90 सेकंद असते. तेवढ्यात संपलं नाही तर सिगकिल. तो सिग्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल प्रोसेस थेट संपवतो आणि मेमरीत जे लिहायचं राहिलं होतं ते गेलं. मशीन बंद करताना पडद्यावर दीड मिनिटाची उलटी मोजणी दिसते तेव्हा कुठली तरी सर्व्हिस सिगटर्मला दाद देत नसते. लोक वैतागून ती मुदत 10 सेकंदांवर आणतात. त्यामुळे मशीन लवकर बंद होतं, पण आवरायला खरोखर 20 सेकंद लागणारी सर्व्हिस आता दर वेळी मारली जाते. मुदत बदलण्याआधी कामाच्या भरात असलेली सर्व्हिस थांबायला किती वेळ घेते ते मोजा, आणि त्याच्या बऱ्याच पुढचा आकडा ‘टाइमआउटस्टॉपसेक’मध्ये त्या एका सर्व्हिससाठी लिहा.

आवरणं म्हणजे काय, हे प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं असतं आणि ते माहीत करून घ्यावंच लागतं. पोस्टग्रेसला सिगटर्म दिला तर ते नवीन कनेक्शन घेणं थांबवतं आणि असलेले सगळे क्लायंट आपणहून जाईपर्यंत वाट पाहत राहतं. कोणी कनेक्शन धरून बसलं तर ते संपतच नाही. त्याला सिगइंट (कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तो सिग्नल) दिला तर ते चालू व्यवहार रद्द करून नीट बंद होतं. म्हणून त्याच्या मॅन्युअलमधल्या नमुना फाईलमध्ये ‘किलसिग्नल’ला सिगइंट आहे, ‘किलमोड’ला ‘मिक्स्ड’ आहे आणि मुदत अमर्याद ठेवलेली आहे. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सिगटर्म म्हणजे झटपट बंद, आणि चालू विनंत्या पूर्ण करून बंद व्हायचं असेल तर सिगक्विट. जावाचे प्रोग्रॅम सिगटर्म मिळाल्यावर व्यवस्थित आवरतात, पण बाहेर पडताना 143 हा कोड देतात. तो 128 अधिक सिगटर्मचा क्रमांक 15. सिस्टिमडीला ते अपयश वाटतं, म्हणून ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’मध्ये 143 लिहून ठेवायचं. नाहीतर प्रत्येक शिस्तीत झालेलं बंद होणं लॉगमध्ये लाल दिसतं आणि खऱ्या अपयशाकडे लक्ष जाणं बंद होतं.

‘मिक्स्ड’मध्ये सिगटर्म फक्त मुख्य प्रोसेसला जातो आणि ती संपली की उरलेल्यांना थेट सिगकिल. मुख्य प्रोसेस जर तुमची छोटी शेल स्क्रिप्ट असेल आणि खरा प्रोग्रॅम तिच्या पोटात चालत असेल, तर शेल लगेच मरतं आणि खऱ्या प्रोग्रॅमला आवरायची संधीच मिळत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी शेलचा ‘एक्झेक’ हा शब्द (वरच्या ‘टाइप’शी याचा संबंध नाही) घातला की शेलच्या जागी तोच प्रोग्रॅम येतो आणि सिग्नल त्याच्या हाती पडतो. कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या साधनाने प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवतात तिथे) तर हा एक शब्द अजून महत्त्वाचा. तिथे शेल पहिल्या क्रमांकाची प्रोसेस असतं, पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसने सिग्नल घेण्याची तजवीज केलेली नसेल तर सिगटर्म तिच्यावर परिणामच करत नाही, आणि डॉकरची ठरलेली मुदत फक्त 10 सेकंदांची आहे.

‘एक्झेकस्टॉप’बद्दल एक इशारा. तिथली कमांड सर्व्हिसला फक्त ‘थांब’ असं सांगून परत येत असेल, तर ती परत आल्याक्षणी सिस्टिमडी उरलेल्यांना सिगटर्म देतं. सर्व्हिस खरोखर थांबेपर्यंत त्या कमांडने थांबलं पाहिजे.

फक्त मशीन बंद होतानाच एखादं काम करायचं असेल, समजा एक फाईल दुसऱ्या मशीनवर पाठवायची आहे, तर पुष्कळ जण शटडाउन टार्गेटला स्क्रिप्ट लटकवतात. ती चालते तोवर नेटवर्क गेलेलं असतं. उलटा क्रम इथेही उपयोगी पडतो. ‘वनशॉट’ प्रकारची सर्व्हिस करा जी सुरू होताना काहीच करत नाही, ‘रिमेनआफ्टरएक्झिट’ने तिला चालू असल्याचं मानायला लावा, आणि काम ‘एक्झेकस्टॉप’मध्ये ठेवा. तिला ‘नेटवर्क-ऑनलाइन’नंतर सुरू व्हायला सांगा, म्हणजे बंद होताना नेटवर्क शाबूत असतानाच तिची पाळी येईल. मुदत इथेही स्वतः लिहा.

वीज गेली तर मात्र यातलं काहीच घडत नाही, कुठलाही सिग्नल येत नाही. त्यामुळे बरोबर लिहिलेली सर्व्हिसची (युनिट) फाईल ही प्रोग्रॅमने डेटा डिस्कवर नीट उतरवण्याला पर्याय नाही.

तपासायचं कसं

‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ देऊन सर्व्हिस नीट थांबली यावरून मशीन बंद होताना ती नीट थांबेल असं ठरत नाही, कारण पहिल्या वेळी आजूबाजूचं सगळं चालू असतं. खरं रिबूट करूनच बघावं लागतं, तेही सर्व्हिसवर कामाचा भार असताना. त्याआधी लॉग टिकून राहतील याची खात्री करा. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल तर बऱ्याच मशीनवर लॉग मेमरीतच राहतात आणि रिबूटबरोबर जातात. म्हणजे नेमकी हवी ती शेवटची मिनिटं हातून निसटतात. रिबूट झाल्यावर ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘फेल्ड’ पर्याय देऊन कोण पडलं ते बघा. ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन’ कोण कोणासाठी किती थांबलं ते दाखवतं. त्याच कमांडच्या ‘ब्लेम’मध्ये प्रत्येक सर्व्हिसला लागलेला वेळ दिसतो, त्या आकड्यांवर मात्र जास्त विसंबू नका, वेळ घेणारी प्रत्येक सर्व्हिस बाकीच्यांना अडवत असतेच असं नाही.

मग लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ला ‘बी’ पर्यायापुढे उणे एक देऊन मागच्या वेळचा लॉग उघडा आणि आपल्या सर्व्हिसच्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे प्रोग्रॅमचा स्वतःचा निरोपाचा संदेश आणि त्यापाठोपाठ सिस्टिमडीची ‘थांबली’ अशी नोंद हवी. त्याऐवजी सिगटर्मची मुदत संपली, मारत आहे, अशा अर्थाची ओळ दिसली, तर प्रोग्रॅमला सिग्नल कळत नाही, सिग्नल त्याच्यापर्यंत पोचत नाही किंवा मुदत अपुरी आहे. आणि मारल्याची ओळ नाही, पण कनेक्शन तुटल्याच्या एरर ओळीने दिसल्या, तर त्या वेळी डेटाबेसच्या लॉगमधली बंद झाल्याची वेळ शेजारी ठेवून बघा. ती तुमच्या सर्व्हिसच्या आधीची असेल, तर ‘आफ्टर’ची ओळ राहिली आहे.